रानओव्याची पुरचुंडी

विहीणबाईंनी पुरचुंडी परत केली ती माझ्या घरी येऊन, चहा पिऊन आणि मी नको नको म्हणत असताना स्वतःचा कप विसळून. नातं सांगायचं तर त्या माझ्या भावाच्या मुलीच्या सासूबाई. म्हणजे विहीण खरी माझ्या वहिनीची. पण सगळं घर त्यांना विहीणबाई म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. महाडातच राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

“मॅडम, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “परवा डोहाळजेवणाला तुमच्या वहिनींनी हे माझ्या हातात दिलं. चार बायकांसमोर नको म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून घेतलं. पण हे नक्की काय आहे?”

“रानओवा.”

“ते त्यांनीही सांगितलं. रानओवा म्हणजे काय?”

“रानातला ओवा.”

हे उत्तर माझ्या वर्गातल्या कुणी दिलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं असतं. विहीणबाईंनी मला बसू दिलं.

“आयुष्यभर मी बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय कुणाला थेंब दिला नाही,” त्या म्हणाल्या. “आता सुनेला, तेही उद्या अंगावर पाजणारीला, बिननावाचं बी कसं देऊ? तुम्ही कॉलेजात झाडंच शिकवता ना? मला नाव सांगा. मी माझ्या हाताने भाजून देईन.”

पुरचुंडी टीपॉयवर ठेवून त्या गेल्या. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली, लिंबाएवढी.

मी महाडात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. माझं माहेर कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. तिथे भाऊ आणि वहिनी शेती करतात. सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळाच्या, कडेला एका जागी हा रानओवा आपोआप उगवतो. वहिनी दर कार्तिकात त्याचं बी गोळा करते आणि वर्षभरात गावात जी बाळंत होईल तिच्या घरी एक पुरचुंडी देते. कच्चंच देते; भाजायचं काम त्या घरचं. जेवणानंतर चिमूटभर, सव्वा महिना. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तो खाल्ला आणि हे काय आहे असं एकदाही विचारलं नाही. तेव्हा मी बी.एस्सी. झालेली होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण कुडपणहून दवाखाना गाठायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि डॉक्टरांनी पोरीला वर जायला मनाई केली होती. बाळंतपण महाडात सासरीच करायचं ठरलं. वहिनीलाही ते पटलं. ती वाद घालणारी बाई नाही. डिंकाचे लाडू विहीणबाई करणार होत्या, अंग चोळायला बाई त्यांनीच ठरवली होती, बाळंतशेपा त्यांच्या घरात होता. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात वहिनीच्या वाट्याला उरली होती ती ही एक पुरचुंडी. तीही परत आली तर तिला करण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

म्हणून मी तिला कळवलं नाही. तारीख कार्तिकातली होती, आणि आता श्रावण चालू होता. तोवर नाव शोधायचं, पुरचुंडी पुन्हा विहीणबाईंना द्यायची, प्रकरण बंद. इतकं सोपं.

रात्रीची भांडी आवरल्यावर मी मिसळणाचा डबा उघडला आणि विहीणबाईंचं किती चुकतंय ते पाहायला बसले. जिरे, धणे, ओवा. शेजारच्या बरण्यांत बडीशेप, शहाजिरे, हिंग. ही सगळी गाजराच्या कुळातली मंडळी. बाळंतशेपाही त्यातलाच. बाळंतीण सव्वा महिना जवळजवळ एकाच कुळावर जगते म्हटलं तरी चालेल. मात्र याच कुळात जगातली काही जालीम विषंही आहेत, आणि दिसायला ती आपल्या कोथिंबिरीची चुलत भावंडं वाटतात. विहीणबाईंचं काहीच चुकत नव्हतं. मी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुरचुंडी सोडली आणि चार दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दाणे साफ केलेले, पाखडलेले, एकमेकांपासून सुटलेले होते. वहिनीचं काम चोख असतं. नाव काढायला मात्र तेच नडलं. वनस्पती ओळखायचं पुस्तक प्रश्न विचारत जातं आणि आपण उत्तरं देत जायचं. पहिलाच प्रश्न होता, झाड एका वर्षाचं की अनेक वर्षांचं? म्हणजे मूळ पाहायला हवं. दुसरा, बुडाची पानं कशी? तिसरा, फुलोऱ्याच्या देठाशी बारीक पानं आहेत का? माझ्याकडे मूठभर बी होतं आणि एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दाणे परत पुरचुंडीत टाकले, दोऱ्याने बांधली, कपाटात ठेवली.

गौरी-गणपती झाल्यावरच्या रविवारी कुडपणला गेले. महाडहून पोलादपूर, तिथून वरची एसटी. घरी पोचते तोच वहिनीचा प्रश्न.

“वन्सं, विहीणबाईंना आवडली का पुडी?”

“नीट ठेवलीय,” मी म्हणाले. खोटं नव्हतं. कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

“सव्वा म्हैना पुरंल ना?”

“पुरेल.”

वहिनी मला सड्यावर घेऊन गेली. तिथे काळ्या कातळावर वीतभर माती, काही जागी बोटभरच. पावसात सगळं हिरवं होतं आणि दिवाळीनंतर तिथे काही होतं यावर विश्वास बसत नाही. त्या कडेला रानओवा उभा होता. गुडघ्याला लागेल न लागेल एवढा. लहानपणापासून मी त्याच्या बाजूने शेकडो वेळा गेले असेन, पण त्याच्याकडे पाहायला म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसले.

खोड पोकळ, अंगावर बारीक उभ्या रेघा. प्रत्येक पानाचा देठ बुडाशी पसरट होऊन खोडाला बाहीसारखा गुंडाळलेला. खालची पानं रुंद, कोथिंबिरीच्या बाजूने जाणारी, आणि निम्मी पिवळी पडलेली. वरची बारीक होत होत शेवटी शेपूसारखी दोरेच उरलेले. फुलं पांढरी, इतकी लहान की चष्मा पुसावा लागला. एका जागेवरून छत्रीच्या काड्यांसारखे देठ निघालेले, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री. यालाच आम्ही संयुक्त चामरकल्प फुलोरा म्हणतो. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि कोथिंबीर फुलावर आली की आईने ती फेकलेली पाहतात.

मी एक चांगलं भरलेलं झाड निवडलं आणि उपटलं. नमुना पूर्ण हवा, मूळ, खोड, पान, फूल. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

वहिनी बघत राहिली. “अवो, मुळासकट काढलंत?”

“मूळ पाहायचं होतं.”

“मग बघितलंत?”

पाहिलं. गाजराचं कूळ म्हणून काही आशा असेल तर ती सोडावी असं मूळ होतं. सरळ, पांढरं, काडीएवढं. त्यात पुढच्या वर्षासाठी काही साठवलेलं नव्हतं.

“एका पावसाचं झाड ता,” वहिनी म्हणाली. “त्येला मूळ असून असून किती असनार? हळद-करांद्यासारखा खाली कांदा नाय त्येचा. बी पडलं तर पुढल्या साली हाय. नाय पडलं तर नाय.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वर्षायू. वहिनीने ते न उपटताच सांगितलं असतं, पण मी विचारलं नव्हतं.

मग तिने तिची रीत दाखवली. प्रत्येक झाडाच्या शेंड्याला मधोमध एक मोठी छत्री असते. ती आधी फुलते, आधी पिकते. बाजूच्या छत्र्या मागून येतात. वहिनी मधलीला हात लावत नाही.

“मधलं भुईचं, कडंचं आपलं,” ती म्हणाली. “माज्या सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलं असंल. मी कवा मोडलं नाय.”

मधल्या छत्रीचं बी भरीव असतं, गाजराचं बियाणं धरणारेही ते वेगळं काढतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी तिला सांगितलं. वहिनी म्हणाली, “मग वाचलं व्हतं तर उपटलंत कशाला?”

मी विषय बदलला. पर्समधून प्रयोगशाळेतली दोरा लावलेली पांढरी लेबलं काढली आणि उरलेल्या झाडांतल्या अकरा चांगल्या झाडांना एकेक बांधलं. फळं पिकली की हीच झाडं पाहायची, म्हणजे एकाच झाडाचं फूल आणि फळ दोन्ही हाताशी. कातळाच्या भेगांत आणखी पाचसहा झाडं होती, पण खुरटी, चार बोटं उंचीची. त्यांना लेबल लावणं मला लेबलाचा अपव्यय वाटला. लेबलं कशासाठी हे वहिनीला सांगितलं. भाऊ तेव्हा खाली खाचरात होता. त्याला सांगायचं राहिलं.

महाडला आल्यावर पुस्तकाची वाट पुढे सरकली. वर्षायू, हो. पानं अशी, हो. फुलं पांढरी, हो. मग पुस्तक म्हणालं, पिकलेल्या फळावर केस आहेत की नाहीत? धारा ठळक आहेत की पुसट? या कुळाची हीच खोड आहे. फुलं सगळ्यांची सारखी. कोण कुठला ते फळ पिकल्यावरच कळतं. विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या एक बाई या कुळाचं काम करतात असं समजलं, म्हणून त्यांना फोटो पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं. “पिकलेली फळं, देठासकट पाठवा. फोटो नकोत.” मला त्या बाई आवडल्या.

आश्विन कॉलेजच्या परीक्षेत गेला. पोरगी जड झाली होती, पाय सुजले होते. विहीणबाई रोज तिचा रक्तदाब घेऊन वहीत लिहीत होत्या. बाजारात भेटल्या की त्या मला एवढंच विचारायच्या, “नाव?” आणि मी म्हणायचे, “पिकतंय.”

एकदा भावाला फोन केला. “सड्यावरची झाडं कशी आहेत रे दादा?”

“तुजी लेबलवाली ना गो बाय? लय जोरात हायत. ये तू, बघ. डोळं दिपतील.”

मला बरं वाटलं. वास्तविक तिथेच शंका यायला हवी होती. कातळावरच्या बोटभर मातीत काहीही लय जोरात येत नाही.

कोजागिरीनंतरच्या रविवारी वर गेले. पुरचुंडी बरोबर घेतली, नवी फळं जुन्या दाण्यांशी ताडून पाहायला. वहिनी अंगणात भांडी घासत होती आणि ती जरा जास्तच जोरात घासली जात होती. भाऊ पडवीत बसून दोरी वळत होता. दोघांत एक शब्द नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं.

“इचारा तुमच्या भावाला,” वहिनी म्हणाली. “त्येंनी शेती केली सड्यावर.”

भाऊ दोरीकडे पाहत म्हणाला, “चांगल्यासाठीच केलं.”

सड्यावर गेल्यावर सगळं कळलं. कॉलेजातल्या बहिणीने झाडांना लेबलं लावली, म्हणजे झाडं मोलाची. मोलाच्या झाडाची निगा कशी राखायची हे भात पिकवणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. भाताला युरियाचा दुसरा हप्ता दिला, त्यातला घमेल्यात उरलेला घेऊन तो सड्यावर आला, आणि लेबल पाहून पाहून प्रत्येकाच्या बुडाशी त्याने मूठ टाकली. आजूबाजूचं गवतही बेणून काढलं. बिनलेबलाच्या झाडांना एक दाणा दिला नाही. माझं लेबल त्याने इतकं काटेकोर पाळलं.

अकरांपैकी चार जळाली. सात माजली. माजणं हा शब्द आमच्याकडे भाताला वापरतात. खत जास्त झालं की रोप काळंभोर हिरवं होतं, पात्याला जोर येतो आणि लोंबीला येत नाही. रानओव्याचं तेच झालं. उपाशी राहून, माती सुकायला लागली की घाईने बी धरणारं हे झाड. त्याला आयुष्यात पहिल्यांदा पोटभर मिळालं आणि ते बी धरायचं विसरलं. नुसता पाला वाढवत बसलं. मग परतीच्या पावसाच्या दोन सरी आल्या. बेणलेल्या जागी आधाराला गवत नव्हतं. सातही आडवी झाली, पोकळ खोडं मोडली, आणि आता तिथे काळपट चिखलात माझी पांढरी लेबलं तेवढी ताठ होती. प्रयोगशाळेतली लेबलं चांगल्या प्रतीची असतात.

भाऊ मागून आला होता. “भाताला घालतो तेच घातलं,” तो म्हणाला. “शेण घालणार व्हतो, पन शेणानं किडा लागतो.”

“लय इचार केला,” वहिनी म्हणाली.

मी भावाला बोलले नाही. लेबलं माझी होती.

वहिनी तोवर कातळावर पुढे गेली होती. “वन्सं, हिकडं या.” भेगांतली ती खुरटी झाडं, ज्यांच्यावर लेबल खर्च करायला मी तयार नव्हते, पिकून तांबूस तपकिरी झाली होती. पाच झाडं. खोडं वाळून काडीसारखी, पानं गळालेली, आणि वर एकेक मधली छत्री आणि तिच्या बाजूला दोनतीन लहान छत्र्या, प्रत्येक दाणा भरलेला. मी एक फळ चुरडून नाकाशी नेलं. ओव्याचा वास, पण तिखट, जरा औषधी.

“यवढंच हाय औंदा,” वहिनी म्हणाली. ती उकिडवी बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. “यातनं तुमच्या त्या विद्यापीठवाल्या बाईंना धाडायचं, आनि भुईला ठेवायचं. मधलं ठिवलं तरी पाच झाडांचं मधलं किती? येवढ्या जागंला पुरायचं नाय. आनि गावात कुणाला द्यायचं तर नावच नको. बरं, पोरीची पुडी आधीच दिली ती. तिचं तरी भागलं.”

पुरचुंडी माझ्या पर्समध्ये होती. तिथे बसून मला दोनच गोष्टी करता येत होत्या. मी पर्स उघडली.

वहिनीने पुरचुंडी हातात घेतली, तळहातावर तोलली, उलटी केली.

“गाठ माजी नाय,” ती म्हणाली.

“मी सोडून बांधली. तपासायला.”

“पन भरलेलीच हाय.”

“हो.”

“त्येंनी घेतलीच नाय.”

“परत आणून दिली. डोहाळजेवणानंतर दोन दिवसांनी. त्यांना नाव हवंय. नाव मिळालं की देणार आहेत, तसं म्हणाल्यात.”

“श्रावणापास्नं तुमच्याकडं हाय.”

“हो.”

भाऊ जरा लांब कातळावर उभा होता. त्याला आता आपल्यावरची नजर दुसरीकडे गेल्याचं समाधान होतं, आणि ते लपवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

“मला सांगायचंत तरी,” वहिनी म्हणाली. “मी हिकडं धा जनींना सांगितलं, माज्या लेकीकडं पोचली म्हणून.”

 

मग तिने दातांनी माझी गाठ सोडली. पदराचा एक कोपरा पसरून त्यावर निम्मं बी ओतलं, निम्मं पुरचुंडीत ठेवून तिच्या पद्धतीची गाठ मारली आणि ती माझ्याकडे दिली. उठली, आणि पदरातलं बी मोकळ्या हाताने कातळाच्या भेगांत, गवताच्या बुडाशी, जिथे भाऊ पोचला नव्हता अशा जागी टाकत गेली. माती उकरली नाही, झाकलं नाही. एरवी झाडच जसं टाकतं तसं. कच्चं बी होतं, भाजलेलं नव्हतं, म्हणून हे करता आलं. विहीणबाईंनी ते श्रावणातच घेतलं असतं तर हे सगळं भाजून बरणीत गेलं असतं आणि त्या वर्षी सड्याला द्यायला वहिनीच्या हातात काही नसतं. हे तिच्याही लक्षात आलं असणार, कारण परत येताना ती म्हणाली, “पुडी परत आली ता बरंच झालं म्हनायचं.” पण ते तिने मला उद्देशून म्हटलं नाही.

विद्यापीठातल्या बाईंसाठी तिने पाच झाडांतल्या एकाची कडेची एक छत्री काढून दिली. देठासकट. मूळ मागण्याची मला हिंमत झाली नाही.

महाडला आल्यावर त्यातली दोन फळं मी स्वतः पाहिली. एक फळ म्हणजे पोटाला पोट लावून बसलेल्या दोन बिया. पिकलं की त्या सुटतात, पण लगेच पडत नाहीत. मधून एक दोरा वर येतो, तो टोकाला दुभंगतो आणि दोन्ही बिया दोन टोकांना लोंबत राहतात. वाऱ्याने हलत हलत, कधी ही पडते, कधी ती. प्रत्येकीच्या पाठीवर पाच धारा, धारांच्या मध्ये तेलाच्या काळसर नळ्या, आणि सगळ्या अंगावर बारीक खरखरीत केस. वहिनीच्या साफ केलेल्या दाण्यांत दोरा नव्हता आणि केसही पाखडण्यात झडले होते, म्हणून मला तेव्हा काही दिसलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं हे चित्र फळ्यावर काढत आले, कोथिंबिरीचं. खरं फळ आधी पाहिलं असतं तर दोरा जरा बारीक काढला असता.

छत्री पोस्टाने गेली. आठ दिवसांनी उत्तर आलं, नेहमीप्रमाणे थोडक्यात. “ट्रॅकिस्पर्मम. ओव्याचंच प्रजातिनाव. हे पहिलं नाव नक्की. दुसऱ्या नावाबद्दल खात्री नाही, पुढच्या वर्षी खालच्या पानांसकट पाठवा. खाण्याबाबत मी मत देत नाही.”

मी उपटलेल्या झाडाची खालची पानं तोवर वाळून चुरा झाली होती. मी शब्दाचा अर्थ काढला. ट्रॅकिस्पर्मम म्हणजे खरखरीत बी. गाजराच्या कुळातलं, ओव्याच्या गोतातलं, रानात उगवणारं, एका वर्षाचं झाड. थोडक्यात, रानातला ओवा. श्रावणात मी हेच सांगितलं होतं, पण तेव्हा ते उत्तर नव्हतं.

तरी मी एका पांढऱ्या लेबलावर नाव, जागा, महिना असं सगळं लिहिलं, पुरचुंडीला बांधलं आणि विहीणबाईंकडे गेले. पोरीला कळा अजून नव्हत्या. ती पाय वर करून टीव्ही बघत होती. विहीणबाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं. मग बाईंचं उत्तर वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली.

“खाण्याबाबत मत देत नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाही देत. मी दोन बाळंतपणांत खाल्लाय. एवढंच मी सांगू शकते.”

“तुम्हाला काही झालं नाही?”

“जे व्हायचं ते दोन्ही वेळा दवाखान्यात झालं.”

विहीणबाई हसल्या नाहीत. उठल्या, तव्यावर चमचाभर बी परतलं, आणि जेवणानंतर चिमूटभर स्वतः तोंडात टाकलं. सलग आठ दिवस. रोज रक्तदाब, रोज वहीत नोंद, पोरीच्या पानासमोरच्या पानावर. आठव्या दिवशी त्यांनी मला फोन केला. “काही झालं नाही. वास मात्र चांगला आहे. निम्मीच कशी पण पुरचुंडी?”

“निम्मं बी सड्यावर परत टाकलं. या वर्षी तिथली झाडं गेली.”

“कशाने?”

“खताने.”

“म्हणजे मी परत पाठवलं म्हणून तिथे टाकायला बी होतं...”

“हो.”

“वहिनींना माहीत आहे, मी परत पाठवलं ते?”

“माहीत आहे.”

चार दिवसांनी मुलगी झाली. वहिनी खाली आली, नातीला पाहिलं, आणि विहीणबाईंनी सगळ्यांसमोर पुरचुंडी आणून तिच्याच हातात दिली. “तुम्हीच द्या तिला पहिली चिमूट,” त्या म्हणाल्या. “किती द्यायची ते मला नीट दाखवा.” वहिनीने लेबल बाजूला सारलं, गाठ सोडली आणि दाखवलं. बी सव्वा महिना पुरलं नाही, तेवीस दिवस पुरलं. विहीणबाईंनी फोन करून विचारलं, “आणखी?” मी म्हणाले, वर्षातून एकदाच येतं. “बरं,” म्हणाल्या, आणि पुढचे दिवस बाळंतशेपावर काढले.

पुढच्या भाद्रपदात विहीणबाई स्वतः कुडपणला आल्या, सुनेला आणि नातीला घेऊन, जीप करून. नात तिच्या आईकडे ठेवून त्या आधी सड्यावर निघाल्या. वहिनी पुढे, आम्ही मागे. वाटेत मी कशाचीही आशा धरली नव्हती. कातळावर टाकलेलं बी मुंग्याही नेतात.

रानओवा होता. पूर्वीइतका नाही, पण होता. भेगांतून, गवताच्या बुडांतून, आधी नव्हता अशा दोन जागीही. नेमका जिथे युरिया पडला होता तिथे नुसतं गवत, माझ्या कमरेला लागेल एवढं. विहीणबाई पदर खोचून खाली बसल्या, एका झाडाची मधली छत्री जवळून पाहिली, आणि हात लावण्याआधी वहिनीकडे बघितलं.

“ही नाही ना तोडायची?”

“नाय. ती भुईची.”

“आणि लेबल?” हा प्रश्न मला होता.

“या वर्षी लावणार नाही,” मी म्हणाले. विद्यापीठातल्या बाईंसाठी गळायला आलेली खालची चार पानं कागदात घालून घेतली. बाकी कशाला बोट लावलं नाही.

तेवढ्यात भाऊ खालून वर आला. खाचरातून आला होता, डोक्यावर घमेलं तसंच होतं. पाहुण्यांना नमस्कार केला, झाडांकडे पाहिलं, आणि वर्षभर मनात ठेवलेलं त्याने विचारलं.

“औंदा बारीक वाटतात गो. थोडी राख तरी टाकू?”

वहिनी उठली नाही, तिने मानही वळवली नाही.

“काय नको टाकायला,” ती म्हणाली. “तुमी आपलं घमेलं घेऊन लांब उभं ऱ्हावा.”

तो लांब उभा राहिला.